तळटीप : रीबूटनंतरही टिकणारा माउंट

* लेखकाने इथे दिलेल्या आज्ञेने झालेला माउंट आपल्याकडचा सर्व्हर रीबूट झाला की नाहीसा होतो. तो कायम हवा असेल तर लिनक्सवर ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘एफएसटॅब’ फाइलीत एक ओळ घालावी लागते : दूरच्या सर्व्हरचे नाव व तिथला मार्ग, आपल्याकडची डिरेक्टरी, प्रकार ‘एनएफएस’, मग पर्याय आणि शेवटी दोन शून्ये. (एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केली, त्यांनीच बनवलेल्या सोलारिसवर ही फाइल ‘व्हीएफएसटॅब’, आणि बूट होताना माउंट करायचे की नाही यासाठी तिथे वेगळा रकाना असतो.) पर्यायांत ‘हार्ड’च ठेवावे. ‘सॉफ्ट’मुळे प्रोग्रॅम अडकून पडत नाही हे खरे, पण लिहिणे अर्धवट राहून डेटा खराब होऊ शकतो, मूळ मजकुरात या धोक्याला फारच कमी जागा मिळाली आहे. त्याहून फसवे म्हणजे, माउंट झाला नाही तरी रिकामी डिरेक्टरी जागेवर असतेच. मग तिथे जायचा रात्रीचा बॅकअप मुकाट्याने स्थानिक डिस्कवर उतरतो. पुढे माउंट झाला की त्या फायली त्याखाली झाकल्या जातात, दिसत नाहीत आणि डिस्क मात्र भरलेली राहते. म्हणून ओळ लिहिल्याबरोबर ‘माउंट’ आज्ञा ‘ए’ पर्यायासह चालवून पाहावी. रीबूटपर्यंत थांबू नये. — संपा.