भूर्जद्वीपाची साक्ष : मेलारेन सरोवरातील एका लुप्त नगराचा विचार

एखादे स्थळ शांत आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती शांतता निसर्गाने दिलेली आहे असे सहजच गृहीत धरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडेही एक घटना म्हणून पाहिले पाहिजे. जेथे आज मेंढ्या चरतात तेथे पूर्वी बाजार भरत असेल, तर तो बाजार केव्हा व कशामुळे उठला हा प्रश्न उपस्थित होतो. स्टॉकहोमच्या पश्चिमेस पसरलेल्या मेलारेन सरोवरातील बेटांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी प्रामुख्याने ब्योर्को या बेटाचा विचार करावयाचा आहे. या बेटावरील बिर्का नगराविषयी नामे, ग्रंथ आणि भूमी अशी तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. यांपैकी कोणते साधन कोठवर विश्वसनीय मानावे, हा या विवेचनाचा मुख्य हेतू होय.

१. स्थळ व त्याची नावे

मेलारेन हे स्वीडनमधील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर असून त्याचे पूर्वेकडील टोक थेट स्टॉकहोम शहरात येऊन समुद्राला भिडते. उन्हाळ्यात नगरभवनाजवळच्या धक्क्यावरून निघालेली नौका सुमारे दोन तासांत ब्योर्कोला पोहोचते. वाटेत लूवोन बेटाच्या काठी द्रोटनिंगहोल्मचा राजवाडा लागतो. पुढे एकेरो, मुन्सो, हेल्गो, आदेल्सो ही बेटे आहेत. पाण्यालगत पाइन व भूर्ज वृक्षांची राई, तांबड्या रंगाची लाकडी घरे, मधूनच एखादे पाषाणी चर्च, असे हे दृश्य आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरक्षेत्रापासून आपण इतक्या जवळ आहोत हे प्रवाशास सांगूनही खरे वाटू नये.

या नावांकडे भाषाभ्यासकाने लक्ष दिले, तर काही गोष्टी चटकन स्पष्ट होतात. नावांच्या अखेरीस येणारा ‘ओ’ हा स्वीडिश भाषेतील ‘बेट’ या अर्थाचा शब्द आहे. त्याचे प्राचीन जर्मानिक रूप पाण्याशी संबंधित असून लॅटिनमधील ‘अक्वा’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. संस्कृत ‘द्वीप’ शब्दातही ‘अप्’ म्हणजे पाणी दडलेले आहे. दोन दूरच्या भाषांनी बेटाचे नाव त्याच्या भूमीवरून न ठेवता भोवतालच्या पाण्यावरून ठेवावे, हे लक्षणीय आहे. ‘मेलारेन’, ‘हूवगोर्डेन’ यांसारख्या नावांच्या शेवटचा ‘एन’ हा निश्चितता दाखवणारा प्रत्यय होय; इंग्रजी किंवा जर्मन भाषेप्रमाणे तो शब्दाच्या आधी न येता मागे जोडला जातो. ‘द्रोटनिंगहोल्म’ म्हणजे राणीचे लहान बेट. राजा योहान तिसरा याने इ. स. १५८० च्या सुमारास राणी कातारीना हिच्यासाठी येथे वाडा बांधला, त्यावरून हे नाव पडले. ‘हेल्गो’ म्हणजे पवित्र बेट.

‘ब्योर्को’ म्हणजे भूर्ज वृक्षांचे बेट. स्वीडिश ‘ब्योर्क’, इंग्रजी ‘बर्च’ आणि संस्कृत ‘भूर्ज’ हे शब्द एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दापासून आलेले आहेत, ही तुलनात्मक भाषाशास्त्रातील सर्वमान्य गोष्ट आहे. तेव्हा या बेटास ‘भूर्जद्वीप’ म्हटले तर ते केवळ भाषांतर ठरत नाही. ते त्याच शब्दाचे आपल्याकडील रूप आहे. या वृक्षाच्या सालीवर काश्मीरात ग्रंथ लिहिले गेले. तेच नाव धारण करणाऱ्या बेटावरील नगराने मात्र स्वतःविषयी एकही ग्रंथ मागे ठेवला नाही. या एका वस्तुस्थितीतून बिर्काच्या अभ्यासातील जवळजवळ सर्व अडचणी उद्भवतात.

२. परक्याच्या ग्रंथातील नगर

बिर्काचा पहिला विस्तृत उल्लेख आढळतो तो रिम्बर्ट याने नवव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिनमध्ये लिहिलेल्या आन्सगारच्या चरित्रात. आन्सगार हा ख्रिस्ती धर्मप्रचारक इ. स. ८२९-३० च्या सुमारास प्रथम येथे आला. मार्गात चाच्यांनी त्याच्या तांड्यास लुटले आणि जवळचे सुमारे चाळीस ग्रंथ गेले, असे चरित्रकार सांगतो. ब्योर्न नावाच्या राजाने त्याचे स्वागत केले. हेरीगार या नगराधिकाऱ्याने बाप्तिस्मा घेऊन स्वतःच्या जागेत चर्च उभारले. पुढे नवव्या शतकाच्या मध्यास आन्सगार पुन्हा आला, तेव्हा नव्या धर्मास अनुमती द्यावी की नाही हा प्रश्न फासे टाकून व लोकांच्या सभेपुढे ठेवून सोडवण्यात आला. ही सभा म्हणजे ‘थिंग’. राजा असूनही निर्णय सभेचा घ्यावा लागतो, हा तपशील फार महत्त्वाचा आहे.

तथापि या ग्रंथाचे स्वरूप विसरून चालणार नाही. तो साधुचरित्र आहे. नगराचे वर्णन करणे हा त्याचा हेतू नव्हता. धर्मप्रसाराला अनुकूल आणि प्रतिकूल कोण, एवढेच त्याला पाहावयाचे होते. बिर्कातील व्यापारी कोणती भाषा बोलत, काय विकत, मृतांना कसे पुरत, याविषयी तो जवळपास मूक आहे. शिवाय ‘बिर्का’ हे लॅटिन वळणाचे रूप आहे. ते ‘ब्योर्को’ या नावाच्या जुन्या रूपावरून घडले असावे असे सामान्यतः मानले जाते. परंतु भूर्ज वृक्षांवरून नाव मिळालेली स्थळे स्कँडिनेव्हियात अनेक आहेत. त्यामुळे केवळ नामसादृश्यावरून स्थाननिश्चिती करता येत नव्हती, आणि बिर्का नेमके कोठे होते याविषयी दीर्घ काळ वाद चालला. निर्णय अखेर भूमीने दिला.

३. काळी माती

बेटाच्या वायव्य भागात सुमारे सहासात हेक्टर क्षेत्रावरील माती आसपासच्या मातीहून स्पष्टपणे काळी आहे. तिला स्थानिक लोक ‘काळी माती’ याच अर्थाच्या नावाने ओळखत आले आहेत. शतकानुशतके चुलीची राख, हाडे, खरकटे आणि कुजलेली लाकडे साचून ती तशी झाली. मराठी वाचकाला पांढरीची माती ठाऊक आहे. जुन्या गावठाणाची माती आपल्याकडे पांढरी आणि तेथे काळी, एवढाच फरक. तिच्याभोवती तीन हजारांच्या आसपास दफनस्थाने आहेत. लहानमोठे मातीचे उंचवटे दूरवर पसरलेले दिसतात.

सतराव्या शतकात योहान हाडॉर्फ याने येथे प्रथम खोदकाम केले. परंतु खरे शास्त्रीय संशोधन सुरू झाले ते इ. स. १८७१ मध्ये, आणि तेही योगायोगाने. यालमार स्टोल्पे हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ अंबरमधील जीवाश्म कीटकांच्या शोधार्थ बेटावर आला. अंबर तेथे मुबलक सापडले. ते निसर्गतः तेथे असण्याचे कारण नव्हते, अर्थात ते माणसांनी आणलेले होते. कीटकांचा शोध बाजूला राहिला आणि स्टोल्पे याने पुढील सुमारे दोन तपांत ११०० च्या आसपास दफने उकलली. प्रत्येक दफनाचा आराखडा त्याने चौकटीच्या कागदावर मोजमापासह रेखाटला. त्यात अरबी चांदीची नाणी, रेशमी वस्त्रांचे अवशेष, काचमणी, तराजू व वजने मिळाली. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या अखेरच्या पादापर्यंत हे नगर नांदत होते, आणि त्याचा व्यापार पूर्वेकडील नदीमार्गांनी खिलाफतीच्या प्रदेशांशी जोडलेला होता, हे यावरून सिद्ध झाले. रिम्बर्टच्या ग्रंथातून यांतील फारच थोडे समजले असते.

परंतु भूमीची साक्षही वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहांपासून मुक्त नसते. स्टोल्पेने इ. स. १८७८ मध्ये उकललेल्या एका दफनात तलवार, परशू, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि सोंगट्यांचा डाव होता. हे एका पुरुष योद्ध्याचे दफन, असे शंभर वर्षांहून अधिक काळ मानले गेले. अस्थींवरून शंका व्यक्त झाली होती, इ. स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणाने ती अस्थी स्त्रीची असल्याचे दाखवून दिले. ती स्त्री प्रत्यक्ष लढत होती काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण स्टोल्पेचे आराखडे इतके काटेकोर नसते तर हा पुनर्विचार अशक्य ठरला असता. अर्थ चुकला तरी नोंद खरी असेल, तर पुढची पिढी अर्थ सुधारू शकते. नोंदच खोटी असेल तर मार्ग खुंटतो.

शेजारच्या हेल्गो बेटावर इ. स. १९५६ मध्ये सापडलेली कांस्याची बुद्धमूर्ती या संदर्भात उद्बोधक आहे. सुमारे ८.४ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडली. त्याच स्थळी आयर्लंडमधील धर्मदंडाचे शीर्ष व ईजिप्तकडील पळीही मिळाली. यावरून प्राचीन काळी भारतीय तेथे पोहोचले होते, किंवा तेथे बौद्ध धर्म होता, असे अनुमान काढण्याचा मोह आपल्याकडील लेखकांना होतो. तो आवरला पाहिजे. वस्तू हातोहात जाते; तिच्याबरोबर माणूस, भाषा किंवा श्रद्धा जातेच असे नाही. हेल्गोच्या रहिवाशाने ती मूर्ती कशासाठी जपली हे ती मूर्ती सांगत नाही.

४. नगर का ओस पडले?

इ. स. ९७५ च्या सुमारास बिर्का ओस पडले. अकराव्या शतकात ब्रेमेनच्या आडामच्या ग्रंथात त्याच्या निर्जनतेचा उल्लेख येतो, इ. स. ९३६ मध्ये तेथे मरण पावलेल्या उन्नी या धर्माध्यक्षाची कबरही सापडेनाशी झाली होती.

याचे एक प्रसिद्ध कारण भूगर्भीय आहे. हिमयुगातील बर्फाचा भार नाहीसा झाल्यापासून स्कँडिनेव्हियाची भूमी हळूहळू वर येत आहे. बिर्काच्या काळी पाण्याची पातळी आजच्या तुलनेत सुमारे पाच मीटर वर होती आणि मेलारेन हे सरोवर नसून बाल्टिक समुद्राचे आखात होते. भूमी उचलली गेली, दक्षिणेकडील जलमार्ग उथळ झाला आणि बंदर निकामी झाले, असे सांगितले जाते.

या उपपत्तीचा हिशेब मांडून पाहावा. हजार वर्षांत पाच मीटर म्हणजे वर्षास पाच मिलिमीटर. एका पिढीत, पंचवीस वर्षांत, सुमारे साडेबारा सेंटिमीटर. एवढ्याने मार्ग गैरसोयीचा होईल; सातशे ते हजार वस्तीचे नगर एका पिढीत उठणार नाही. यास्तव अधिक वेगाने घडणारी कारणे शोधली पाहिजेत. त्यांतील एक म्हणजे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबी चांदीचा ओघ आटला. दुसरे अधिक निर्णायक वाटते. बिर्का ओसरते त्याच सुमारास, इ. स. ९८० च्या आसपास, उत्तरेकडे सिग्तूना हे नवे नगर उभे राहते. शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती राजा ओलोफ याची नाणी तेथेच पडू लागतात. जुन्या नगरात जुने व्यापारी, जुनी दफने आणि जुनी सभा होती. नव्या राजसत्तेला स्वतःच्या आखणीचे नगर हवे होते.

यावर एक आक्षेप संभवतो. बिर्कासमोरच्या आदेल्सो बेटावर हूवगोर्डेन हे राजस्थान होते. राजसत्तेने पाठ फिरवली असती तर तेही ओस पडावयास हवे होते. तसे झाले नाही. तेथील अकराव्या शतकातील रूनिक शिलालेखात तूलीर नावाच्या राजकारभाऱ्याने राजासाठी अक्षरे कोरवून घेतल्याचे नमूद आहे. तेराव्या शतकात तेथे विटांचा वाडा उभा राहिला आणि इ. स. १२८० च्या सुमारास राजा माग्नुस याने तेथूनच आज्ञापत्र काढून, घोडदळाची सेवा देणाऱ्यांना करमाफी दिली. स्वीडनमधील सरदारवर्गाचा पाया तो हाच. परंतु हा आक्षेपच वस्तुतः आपल्या मताला पुष्टी देतो. अरुंद सामुद्रधुनीच्या एका तीरावर जीवन चालू राहिले आणि दुसऱ्या तीरावर थांबले. पाणी दोन्ही तीरांवरून सारखेच ओसरत होते. तेव्हा भेद पाण्याने केलेला नाही. तो माणसांच्या निर्णयाने झाला. राजाने जमीन ठेवली आणि बाजार हलवला.

भूमीच्या उत्थानाचे खरे कार्य पुढे दिसते. तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मेलारेन समुद्रापासून वेगळे होत गेले, आणि सरोवर व समुद्र यांमधील अरुंद दारावर ज्याचा ताबा त्याच्या हाती सर्व व्यापार, अशी स्थिती आली. त्या दारावर स्टॉकहोम वसले; त्याचा पहिला लेखी उल्लेख इ. स. १२५२ चा आहे. या नव्या शहराच्या आरंभीच्या कायद्याला ‘ब्यार्को-विधी’ या अर्थाचे नाव होते. ते बिर्कावरून आले की व्यापारस्थळासाठीच्या एखाद्या सामान्यनामावरून, हे विवाद्य आहे. पहिला पक्ष खरा असेल, तर बिर्का नष्ट झाल्यावरही त्याचे नाव आपल्या उत्तराधिकारी शहराच्या न्यायसभेत शतकांपर्यंत उच्चारले जात होते असे म्हणावे लागेल.

५. उपसंहार

बिर्का व हूवगोर्डेन यांस इ. स. १९९३ मध्ये जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले. द्रोटनिंगहोल्मला ते १९९१ मध्येच मिळाले होते. महानगराचा ताण मात्र बेटांपर्यंत येत आहे. शहराला वळसा घालणाऱ्या महामार्गाच्या बोगद्याचे काम इ. स. २०१४ मध्ये सुरू झाले असून तो लूवोनच्या भूमीखालून जातो. वरची शांतता राखण्यासाठी रस्ता खडकात उतरवावा लागला, ही गोष्ट या शांततेचे आजचे मोल सांगते.

बिर्कावर पुढे दुसरे शहर उभे राहिले नाही, म्हणूनच काळी माती शिल्लक राहिली. सिग्तूनाच्या जुन्या थरांवर आजही लोक राहतात. स्टॉकहोमच्या पायाखाली काय आहे हे पाहण्यासाठी इमारत पडण्याची वाट पाहावी लागते. भूर्जद्वीपावर शेतकरी राहिले, त्यांनी बेटाचे नाव तोंडी जपले आणि वरवरची माती नांगरली. खालची तशीच राहिली. सर्व काळी माती अद्याप उकललेली नाही, आणि तशी घाई करूही नये. स्टोल्पेच्या चौकटीच्या कागदांनी त्याच्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी नवे उत्तर दिले. आज उमगत नसलेले प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकांसाठी जमिनीचा काही भाग न उकललेला ठेवणे, हाही संशोधनाच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.