प्लगावरील आकडा

देवस्थानच्या अग्रशाळेतील एक जुनी पेटी आवरताना परवा एक काळाभोर बेकेलाइटचा प्लग हाती लागला. तीन गोल पितळी पिना, आणि पाठीवर कोरलेली एवढीच अक्षरे : ५ अँपिअर, २५० व्होल्ट. प्रवाह कोणता, ए. सी. की डी. सी., याविषयी अक्षरही नाही. दस्तऐवजात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, हे वकिलाच्या नजरेला आधी दिसते. म्हणून या मौनाचा अर्थ शोधावासा वाटला.

अशा आकड्यात वस्तुतः दोन निरनिराळी आश्वासने दडलेली असू शकतात. पहिले, प्लग जोडलेला असताना तो किती प्रवाह वाहून नेईल. येथे शत्रू उष्णता, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ए. सी. चा एक अँपिअर म्हणजे डी. सी. च्या एका अँपिअरइतकीच उष्णता देणारा प्रवाह, अशी त्याची व्याख्याच आहे. तेव्हा पितळेच्या दृष्टीने दोन्ही पाच अँपिअर सारखेच. कारखानदाराचे मौन येथवर निर्दोष आहे.

दुसरे आश्वासन मात्र प्रवाह तोडण्याचे. पिना सुटू लागल्या की मधल्या हवेत ज्योत उभी राहते. पन्नास आवर्तनांचा ए. सी. प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी ती ज्योत बहुधा आपोआप मालवते. डी. सी. ला असा विसावा नाही. पिना दूर नेल्या तरी ज्योत ताणली जाते, धातू वितळतो, बेकेलाइट करपते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ साली स्प्रिंगच्या झटक्याने उघडणारा स्विच काढला तो याच आपत्तीवर उपाय म्हणून. प्लगाला स्प्रिंग नसते. तेथे वेग उपसणाऱ्या हाताचा, आणि हात कधी भितो, कधी आळस करतो! सॉकेटजवळ स्वतंत्र स्विच हवा, या जुन्या दंडकाचे मर्म हेच. वाहून न्यावे प्लगाने, तोडावे स्विचने.

आमच्या प्लगाची जात १९३४ च्या ब्रिटिश मानक ५४६ ची. त्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअर असे आकार होते. त्या काळी इंग्लंडात दोन्ही प्रकारचा पुरवठा शेजारी शेजारी नांदत होता. एका गल्लीत ए. सी., तर पलीकडच्या गल्लीत डी. सी. असे चाले. पुढे ए. सी. सार्वत्रिक झाल्यावर लहान फटीचे, आवाज न करणारे स्विच आले, आणि त्यांच्यावर ‘केवळ ए. सी. साठी’ अशी अट स्पष्ट छापली जाऊ लागली. कलमाला परंतुक जोडले गेले म्हणा ना! न्यूयॉर्कमध्ये एडिसनने १८८२ साली सुरू केलेले डी. सी. चे वितरण तर नोव्हेंबर २००७ मध्ये कायमचे बंद झाले. आपल्याकडे त्या गोल पिनांचे वंशज अजून घरोघर आहेत. ५ आणि १५ चे भारतीय मानकात ६ आणि १६ झाले, इतकेच.

हे सारे इतिहासजमा म्हणून सोडून दिले असते. पण अग्रशाळेच्या छपरावर आता सौर पॅनेले बसली आहेत, आणि पॅनेलातून इन्व्हर्टरपर्यंत येतो तो डी. सी. च, ओळीने जोडलेल्या पॅनेलांत तो शेकडो व्होल्टांचा असू शकतो. काम चालू असता मंडळींपैकी एकाने सुचविले की, भांडारात १६ अँपिअरचे स्विच पडून आहेत, तेच छपरावर लावावेत. पॅनेलांचा प्रवाह दहा अँपिअरच्या आसपास, मग अडचण कसली? आकड्यांचा हिशेब त्याच्या बाजूनेच होता. वायरमनने काही न बोलता स्विच उलटा करून दाखविला. मागे १६ अँपिअर, २५० व्होल्ट, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ए. सी. अशी खूण होती. छपरावर डी. सी. साठीच घडविलेला आयसोलेटर बसला. जुना प्लग मी परत पेटीत ठेवला.