गाभोळी कुणाची? महाशीर, इंद्रायणी आणि एक अवघड यश

नदीतल्या माशांची अंड्यांसाठी होणारी चोरटी शिकार म्हटलं की आधी कॅव्हिअर आठवतो. कॅस्पियन समुद्रातला स्टर्जन मासा अंडी घालायला व्होल्गा नदीत चढतो. बेलुगा जातीच्या मादीला पहिल्यांदा अंड्यावर यायला पंधराएक वर्षं लागतात, आणि अंडी काढायची म्हणजे रूढ पद्धतीत मादीला मारायचं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, देखरेख ढिली पडली आणि चोरटी मासेमारी बोकाळली. शेवटी 1998 पासून स्टर्जनच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आला.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. शिकारी वाढण्याच्या कितीतरी आधी व्होल्गोग्राडच्या धरणाने बेलुगाची अंडी घालण्याच्या जागांकडे जाणारी वाट अडवली होती. म्हणजे आरोपी एक नाही, दोन आहेत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आपल्याकडचं चित्र

आपल्या नद्यांमध्ये कॅव्हिअर नाही, पण गाभोळी आहे. पहिल्या दमदार पावसात नद्या-ओढ्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. घाटावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. गाभोळीने भरलेल्या या माशांची चव लोक वर्षभर आठवतात. इथे नदीतल्या अंड्यांचा वेगळा मोठा व्यापार नाही, हे खरं. पण जीवशास्त्राचं गणित तेच आहे: मादी जेव्हा अंड्यांनी सर्वांत जड असते, तेव्हाच ती उथळ पाण्यात, थव्याने आणि ठरलेल्या वाटेवर असते. म्हणजेच पकडायला सर्वांत सोपी असते.

यातला मोठा मासा म्हणजे दख्खनचा महाशीर. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणारा कर्नल विल्यम साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. त्याने जातीला नाव दिलं ते इथल्याच बोलीतलं: खुद्री. आज आपण टोर खुद्री म्हणतो. पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीला मुळेला मिळते, तेव्हा ही जात अक्षरशः या पट्ट्यातल्या पाण्याची आहे.

1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर बंदी घातली. बाकीचे नियम करणं प्रांतिक सरकारांवर सोडलं. कायद्यापेक्षा वेगळी राखण होती ती श्रद्धेची. इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदीला देवाचे म्हणून महाशीर कुणी पकडत नसे. आता तुम्हीच बघा, बंदी एका डोहापुरती आणि मासा मात्र पावसाळ्यात फिरणारा.

लोणावळ्याचा प्रयोग

इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याच्या परिसरात टाटांची धरणं आहेत. त्यांचं पाणी घाट उतरून खोपोलीला वीज तयार करतं. 1970 च्या दशकात तिथल्याच वळवणला महाशीरची पैदास सुरू झाली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्यातली महत्त्वाची नावं. पावसाळ्यात पक्व मादी धरायची, पोटावर हलका दाब देऊन अंडी ताटात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य मिसळायचं आणि मादी जिवंत पाण्यात सोडायची. शिकारी मादीला ज्या क्षणी गाठतो तोच हा क्षण, फक्त हेतू उलटा.

पुढची अडचण होती वाहतुकीची. कुलकर्णी आणि ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवून दाखवली आणि 1979 मध्ये त्यावर छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्याने भरलेल्या जड पिशव्यांची गरजच उरली नाही! वळवणची पिल्लं आणि अंडी देशभरातल्या पाण्यात पोचली.

यशाची दुसरी बाजू

त्यातली काही कावेरीत गेली. तिथे मूळचा कुबडा महाशीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. गळ टाकून मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या 1998 ते 2012 मधल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बाहेरून आणलेला निळ्या परांचा महाशीर वाढत गेला आणि कुबडा जवळजवळ दिसेनासा झाला. कुबड्याला तेव्हा पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. तो टोर रेमादेवी आहे हे 2018 मध्ये निश्चित झालं. आज आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, तर पूर्वी संकटग्रस्त मानली गेलेली आपली खुद्री 'कमी चिंतेची' ठरली आहे.

म्हणून वळवणचं काम चुकीचं होतं का? नाही. त्या काळात मासा संपतोय हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं. पण 'जात वाचली' आणि 'नदीतला मासा वाचला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. यादीत खुद्री सुरक्षित आहे. आळंदीला इंद्रायणीवर मात्र कारखान्यांच्या आणि घरांच्या सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगतो. अंड्याला हवी वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातली स्वच्छ खडी. ती नसेल तर मादीला कुणी हात लावला नाही तरी गाभोळी वायाच जाते.

संशोधनाचा विषय ठरवताना हे मनात असू द्या. 'मासे कमी झाले' हा प्रश्न नाही, ते निरीक्षण आहे. काय मोजताय ते आधी ठरवा: जातीची एकूण संख्या, एका नदीतली संख्या, की अंड्यातून बाहेर येऊन जगलेली पिल्लं? तिन्हींची उत्तरं परस्परविरुद्ध येऊ शकतात. शिकारी दिसतो, म्हणून त्याच्यावर लिहिणं सोपं जातं. अडवलेली वाट आणि गाळाखाली गेलेली खडी दिसत नाही. ती मोजायला पावसात नदीकाठी जावं लागतं. पुण्यात किंवा चाकणला राहून हे काम करायचं असेल, तर नदी तुमच्या घरापासून फार लांब नाही.