तगर : दहा दिवसांच्या वाटेवरची एक नोंद

१/
नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइन टूरला निघणारा प्रवासी आधी मोबाइलवरची नोंद वाचतो. ठिकाण कोठे आहे, किती तासांवर आहे, तेथे काय पाहावयास आणि चाखावयास मिळेल, हे कळले तर बुकिंग होते. न कळले तर बोट पुढच्या नावाकडे सरकते. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारीही अशीच नोंद वाचून वाट धरीत असे. त्या काळच्या एका नोंदीत आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एक गाव आहे, आणि मद्याची यादीही आहे.

२/
ग्रंथाचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. भाषा ग्रीक, काळ इसवी सनाचे पहिले शतक. लेखकाचे नाव अज्ञात आहे. पण मजकुरावरून तो रोमन अंमलाखालील इजिप्तमधला, स्वतः समुद्र पाहिलेला व्यापारी असावा, असे अभ्यासक मानतात. तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते आणि इजिप्तहून कोणत्या महिन्यात निघावे, हे तो सांगतो.

३/
बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथे काय खपते याच्या यादीत पहिलेच नाव मद्याचे आहे. लेखक नुसते ‘मद्य’ म्हणून थांबत नाही. मुख्यतः इटलीचे, शिवाय लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे, असा उगम तो नोंदवतो. राजासाठी न्यावयाच्या भेटींत उंची मद्य वेगळे सांगतो. माल कोठला हे ग्राहक विचारतो, हे त्याला ठाऊक होते.

४/
पुढे तो दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांकडे वळतो. पहिली पैठण : भडोचपासून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर : पैठणपासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर, एक फार मोठे नगर. पैठणहून अकीक येतो. तगरहून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल आणि किनारी प्रदेशांतून तेथे जमा झालेला इतर माल. अवघ्या काही ओळींत नाव, दिशा, अंतर आणि माल एवढे सारे येते.

५/
या नोंदीचा प्रामाणिकपणाही लक्षात घेण्याजोगा आहे. तगरचा माल गाड्यांवरून, वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून येतो, हे लेखक झाकत नाही. भडोचच्या आखातातील उथळ जागा आणि भरती-ओहोटीचा धोका तो सविस्तर सांगतो; आणि राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन समोर येतात व जहाजांना वाट दाखवतात, हेही सांगतो. अडचणीच्या शेजारीच त्यावरचा उपाय लिहिलेला आहे. वाचणारा त्यामुळे घाबरून परत फिरत नाही, तयारीने निघतो.

६/
काळ बदलला, व्यापाराच्या वाटा बदलल्या, आणि तगर हे नाव गावापासून सुटले. कोकण व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद कित्येक शतकांनंतरही अभिमानाने मिरवले. पण ते पुर नेमके कोणते, ही ओळख कालांतराने पुसली. तेरणेच्या काठचे गाव तेर म्हणून नांदत राहिले. वारकऱ्यांना ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक होते. गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला ते येत राहिले. एकाच गावाच्या दोन ओळखी परस्परांना अनोळखी होत्या.

७/
ग्रीक मजकूर मात्र टिकला. त्याची प्रमुख हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातील असून आज ती जर्मनीत हायडेलबर्गला आहे. १५३३ मध्ये बाझेल येथे तो प्रथम छापला गेला. एकोणिसाव्या शतकात तगर शोधताना कोणी देवगिरीचे नाव घेतले, कोणी जुन्नरचे, कोणी धारूरचे. देवगिरी पैठणच्या उत्तरेकडे आणि जुन्नर पश्चिमेकडे. ‘पूर्वेस दहा दिवस’ या शब्दांशी दोन्हींचा मेळ बसेना.

८/
१९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने तगर म्हणजेच तेर, असे साधार मांडले. नकाशावर ताडून पाहावे : भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे वीस दिवसांच्या हिशेबाने रोज सतरा-अठरा किलोमीटर. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे दहा दिवसांत रोज पंधरा. लादलेल्या बैलगाडीची चाल दोन्हीकडे जवळपास सारखीच येते. दिशा थोडी चुकली आहे, कारण तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. तरीही हरवलेले नगर सापडले ते या अंतरांच्या आधाराने.

९/
भूमीनेही साक्ष दिली. १९५८ मध्ये तेरला उत्खनन झाले. सातवाहनकालीन वस्तूंबरोबर पांढऱ्या मातीच्या मूर्ती आणि रोमन वळणाच्या वस्तूही येथे मिळाल्या आहेत. तेरची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे इटलीचे मद्य भडोचला उतरत होते, त्याच काळात दख्खनच्या धाटणीची कला इटलीतील घरात पोहोचली होती.

१०/
आता पुन्हा नाशिककडे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. २००५ मध्ये सुला व्हिनयार्ड्सने नाशिकला वाइन चाखण्याचा कक्ष उघडला, आणि द्राक्षाचा मळा हे सहलीचे ठिकाण झाले. अशा ठिकाणाच्या ऑनलाइन नोंदीत छायाचित्रे पुष्कळ असतात. पण मुंबईहून किती तास, शेवटचे चार किलोमीटर कसे जायचे, कोणत्या महिन्यांत द्राक्षे वेलीवर असतात, वाहन चालवणाऱ्याने काय करावे, हे सांगणारी नोंदच अनोळखी माणसाला घराबाहेर काढते. पेरिप्लसच्या लेखकाजवळ एकही चित्र नव्हते.

११/
नावाचा धडा तर धाराशिवला आज अधिकच लागू आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. जुन्या नावाने शोधणारा आणि नव्या नावाने शोधणारा, दोघेही त्याच गावी यायचे आहेत. नोंदीत दोन्ही नावे नसतील तर त्यांतला एक वाटेतच हरवेल. तगर आणि तेर यांची ताटातूट अशीच झाली, आणि ती जुळवण्यास शतके लागली.

१२/
म्हणून तेरची आजची नोंद अशी असावी : तेर, प्राचीन तगर. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीकाठी. पाहण्यासारखे : गजपृष्ठाकार छताचे, विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर; गोरोबाकाकांची समाधी; रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार पाहून घ्यावा. पैठणहून बैलगाडीने दहा दिवस. मोटारीने एका दिवसात जाऊन परत येता येते.