रुडकी : कालव्याने घडविलेले विद्यापीठ

हरिद्वार येथे गंगेतून निघालेला कालवा दक्षिणेकडे सुमारे वीस मैल गेल्यावर सोलानी नदीच्या पात्रावरून पलीकडे जातो. खाली नदीचे रुंद, रेताड पात्र, त्यावर पन्नास-पन्नास फुटांच्या पंधरा कमानी आणि कमानींच्या माथ्यावरून वाहणारी गंगा, असे तेथील दृश्य आहे. या जलसेतूजवळचे गाव म्हणजे रुडकी. विद्यालयातून इंजिनियर शिकून बाहेर पडावेत आणि त्यांनी कालवे बांधावेत, हा जगाचा नेहमीचा क्रम. रुडकीस तो उलटा होता. तेथे आधी कालवा आला, आणि कालव्याच्या गरजेतून विद्यालय जन्मास आले.

१८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे आठ लक्ष माणसे दगावली, असा अंदाज आहे. दोहो बाजूंना दोन महानद्या वाहत असता मधल्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली आणि कंपनी सरकारचा वसूलही बुडाला. प्रोबी कॉटली या तोफखान्यातील अधिकाऱ्याने गंगेचे पाणी दुआबात खेळविण्याची योजना आखली. १८४२ साली खोदाई सुरू झाली. तथापि कलकत्त्यास गव्हर्नर-जनरल बदलला की कामाचा वेगही बदले.

खरी कसोटी पहिल्या वीस मैलांतच होती. शिवालिक टेकड्यांतून उतरणारे चार मोठे ओढे कालव्याच्या वाटेत आडवे येत. एरवी कोरडे असणारे हे ओढे पावसाळ्यात उन्मत्त होत. राणीपूर आणि पथरी येथे ओढेच कालव्याच्या डोक्यावरून पार नेले. धनौरी येथे रतमऊचा ओढा आणि कालवा एकाच पातळीवर भेटविले आणि पुराचे पाणी सोडून देण्यासाठी दारांचा बांध घातला. सोलानीवर मात्र कालवाच नदीच्या वरून नेला. सोलानीच्या भरावाची माती वाहण्यासाठी १८५१ साली तेथे वाफेचे इंजिन रुळांवर धावले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली ती त्यानंतर, १८५३ साली.

अशा कामास मोजणी जाणणारी, पातळी घेणारी, नकाशे काढणारी माणसे शेकड्यांनी हवी होती, आणि तितकी विलायतेहून आणणे शक्य नव्हते. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांनी ही अडचण ओळखली आणि १८४७ साली रुडकीस विद्यालय स्थापन करविले. त्याचे तीन विभाग होते. पहिला भावी इंजिनियरांचा, दुसरा गोऱ्या सैनिकांतून देखरेखीचे कामगार तयार करण्याचा आणि तिसरा एतद्देशीय तरुणांचा. या तिसऱ्या विभागात मोजणी आणि नकाशाविद्या उर्दूतून शिकविली जाई. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडले गेले. तो दिवस पाहावयास थॉमसन उरले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचा अंत झाला होता. विद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले.

कालवा निर्दोष नव्हता. तळाचा उतार अधिक ठेवल्यामुळे पाण्यास फार वेग येई आणि तळ खरवडला जाई. दक्षिणेत गोदावरीवर बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांनी त्यावर कडक टीका केली. पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. परंतु ज्या विद्यालयाच्या दाराशीच असा कालवा वाहतो, तेथे ही चूकसुद्धा एक धडाच ठरते.

दुसरी उणीव माणसांच्या मनातली होती. १८७१ साली इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे हिंदुस्थानासाठी वेगळे इंजिनियरिंग महाविद्यालय निघाले, आणि वरच्या जागांचा मोठा वाटा तिकडे गेला. तरीही १८७३ साली रुडकीहून बाहेर पडलेल्या सर गंगाराम यांनी पंजाबात आपले कर्तृत्व सिद्ध केले. १९२५ साली रेणाला खुर्द येथे कालव्याच्या अवघ्या काही फुटांच्या उतारावर त्यांनी वीज निर्माण केली आणि त्या विजेने पाणी उपसून उंचावरची कोरडी जमीन भिजविली.

रुडकीचेच दुसरे विद्यार्थी अयोध्यानाथ खोसला. १९२६-२७ च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरील बांधकामांच्या फरशा दगा देऊ लागल्या, तेव्हा त्यांनी जमिनीत नळ्या घालून तळाखालचा दाब प्रत्यक्ष मोजला. बंधाऱ्याखालून झिरपणारे पाणी फरशीस वर ढकलते. तो जोर काढण्याची जुनी रीत अपुरी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९३६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सिद्धान्त आजही विद्यार्थ्यांस शिकविला जातो.

नोव्हेंबर १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सनद मिळून रुडकीचे विद्यापीठ झाले. स्वतंत्र भारतातील ते पहिले इंजिनियरिंग विद्यापीठ. भाक्राच्या उभारणीशी निगडित असलेले खोसला १९५४ साली तेथे कुलगुरू म्हणून परत आले. त्यांच्या कारकीर्दीत, १९५५ साली, जलसंपत्तीच्या विकासाचे प्रशिक्षण देणारे केंद्र निघाले. त्याच दशकात पथरीजवळ गंगेच्या कालव्याचाच उतार विजेच्या कामी लावला गेला. १९७२ साली जलविज्ञानाचे शिक्षण आणि १९८२ साली लहान जलविद्युत् योजनांचे केंद्र यांची भर पडली. २००१ साली विद्यापीठाचे रूपांतर भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले.

१९५५ चे ते केंद्र केवळ भारतीयांसाठी नव्हते. आशिया आणि आफ्रिका खंडांतील देशांच्या इंजिनियरांनीही तेथे यावे, हा त्याच्या स्थापनेचा हेतू होता. ज्या काठावर शंभर वर्षांपूर्वी या भूमीच्या मुलांसाठी तिसरा विभाग राखून ठेवला होता, त्याच काठावर त्यांचे वंशज दोन खंडांच्या इंजिनियरांना पाण्याची विद्या शिकवू लागले.