दीक्षाभूमीपूर्वीचे नागपूर : दोन आत्मकथने

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसापर्यंत हा समाज कसा घडत आला, हे मात्र सभावृत्तांतांतून कळत नाही. ते वस्त्यांत शोधावे लागते, आणि तेथे आत्मकथनांवाचून दुसरे साधन फारसे नाही.

बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचे संपादक वसंत मून यांचे ‘वस्ती’ (१९९५) आम्हांला म्हणूनच मोलाचे वाटते. स्वतःविषयी लिहिताना त्यांनी सीताबर्डीच्या महारपुऱ्यालाच नायक केले. दारिद्र्य आहेच, पण आखाडे आहेत, समता सैनिक दल आहे, पोरांची मस्तीही आहे. दलित आत्मकथन म्हणजे केवळ वेदनेचा दस्तऐवज, असे मानणाऱ्या समीक्षकांनी ते पुन्हा वाचावे.

कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) हिंदीत असल्याने मराठी वाचकांपर्यंत कमी पोहोचले. एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्या आईबापांची ही नागपूरची कन्या. जुलै १९४२ मध्ये याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरणीतील स्त्रियांना रजा असे ठराव तेथे झाले. या मागण्या कोणत्या घरांतून उठल्या, ते बैसंत्री सांगतात. मुलींना शिकविण्यासाठी झिजलेली आई त्यांनी रेखाटली, तसा स्वतःच्या संसारातील अन्यायही झाकला नाही. चळवळीतल्या घराची लाज राखण्यासाठी गप्प राहणे त्यांनी नाकारले. इतिहासाचे साधन म्हणून या पुस्तकाचे वजन आमच्या मते त्यामुळेच वाढते.