प्लाटूनचा लांब हात : ड्रॅगुनोव्ह रायफलची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने एक धाडस करून पाहिलं. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी जुनी मोसिन रायफल बाजूला ठेवून त्यांनी स्नायपरांच्या हाती टोकारेव्हची एसव्हीटी-४० दिली. ही रायफल गोळी सुटताच पुढचं काडतूस स्वतःच भरून घेई. तिच्यासाठी पीयू नावाची साडेतीन पटीची आटोपशीर दुर्बीणही तयार झाली. पण गोळ्या हव्या तितक्या एका जागी पडेनात. १९४२ मध्ये स्नायपरांसाठीची एसव्हीटी बंद झाली, पीयू दुर्बीण मोसिनवर चढली, आणि स्टालिनग्राडचे स्नायपर पुन्हा बोल्टच ओढू लागले.

दोष एकट्या टोकारेव्हचा नव्हता. स्वयंभरणी रायफलमध्ये गोळीमागचा थोडा वायू वळवून त्याच्या जोरावर आतले भाग मागे ढकलले जातात. ही हालचाल गोळी नळीत असतानाच सुरू होते. नळी किंचित जरी थरथरली, तरी पाचशे मीटरवर नेम हुकतो. सैन्याला वेग हवा आणि नेमबाजाला स्थिरता, हे भांडण तिथलंच.

१९५८ मध्ये सोव्हिएत सैन्याने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि स्वयंभरणी स्नायपर रायफलसाठी रचनाकारांची स्पर्धा लावली. स्पर्धेत सिमोनोव्ह होते, कोन्स्तांतिनोव्ह होते आणि इझेव्हस्कचे येव्गेनी ड्रॅगुनोव्ह होते. १९२० साली जन्मलेले ड्रॅगुनोव्ह बंदुका घडवणाऱ्या घराण्यातले. ते सैन्यात शस्त्रं दुरुस्त करत, आणि युद्धानंतर इझेव्हस्कच्या कारखान्यात त्यांनी नाव मिळवलं ते स्पर्धांसाठीच्या रायफलींवर. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच फिरते. लढाऊ बंदूक अचूक करायला निघालेला माणूस आणि अचूक बंदूक लढाऊ करायला निघालेला माणूस, यांच्या वाटा वेगळ्या असतात. ड्रॅगुनोव्ह दुसऱ्या वाटेने आले.

त्यांची रायफल उघडली की ते दिसतं. बाहेरून ती कलाश्निकोव्ह रायफलची थोरली बहीण वाटते, पण कलाश्निकोव्हच्या बोल्टला दोन दात, हिच्या बोल्टला तीन, म्हणजे धक्का अधिक समान विभागला जातो. कलाश्निकोव्हचा जड पिस्टन बोल्टच्या वाहकाला जोडलेला असतो. हिचा पिस्टन हलका आणि सुटा, एक छोटा धक्का देऊन थांबणारा. नळी तापली की ती लांबते, म्हणून हाताखालचे लाकडी भाग स्प्रिंगवर बसवले, म्हणजे त्यांचा दाब नळी वाकवत नाही. लाकडी दस्त्यात अंगठ्यासाठी आरपार भोक आहे, ते थेट क्रीडा रायफलींमधून आलेलं.

खरी डोकेदुखी मॅगझिनची होती. काडतूस तेच, मोसिनचं, १८९१ सालचं, आणि त्याच्या बुडाशी कड बाहेर आलेली. एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकली की रायफल ठप्प. अशी दहा काडतुसं न अडखळता वर येतील असं मॅगझिन साधायला फार घाम गाळावा लागला. १९६३ मध्ये रायफल सैन्यात दाखल झाली, १९६४ मध्ये ड्रॅगुनोव्हना लेनिन पुरस्कार मिळाला, आणि १९६७ मध्ये खास स्नायपर काडतूसही आलं.

पण सैन्याने आपला हिस्सा वसूल केलाच. सुरुवातीला नळीतले आटे ३२० मिलिमीटरमध्ये एक फेरा घेत. चिलखत भेदणारी जळती गोळी त्यात नीट स्थिर होईना, म्हणून पुढे फेरा २४० मिलिमीटरवर आणला आणि साध्या गोळीची अचूकता थोडी घटली. संगीन लावायची सोय तर पहिल्यापासून होती.

संगीन पाहून हसू येत असेल, तर या रायफलचं काम लक्षात आलेलं नाही. झाडोऱ्यात दिवसभर दबा धरून एक गोळी झाडणाऱ्या एकांड्या शिकाऱ्यासाठी ती बनलीच नव्हती. कलाश्निकोव्हचा उपयोग तीन-चारशे मीटरपर्यंत. त्यापलीकडचा मशिनगनवाला, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डागणारा किंवा अधिकारी टिपायला प्रत्येक प्लाटूनमध्ये एक जवान हवा होता, आणि तो बाकीच्यांबरोबर धावणारा हवा होता. म्हणून दुर्बिणीसह वजन जेमतेम सव्वाचार किलो. या रायफलची तुलना जड नळीच्या पाश्चात्त्य स्नायपर रायफलींशी करून तिला कमअस्सल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

तिची पीएसओ-१ दुर्बीण चार पटीची. डोळा लावला की डाव्या बाजूला खाली एक वक्ररेषा दिसते. समोरच्या माणसाचे पाय खालच्या आडव्या रेषेवर टेकवायचे, डोकं वक्ररेषेला जिथे लागेल तिथला आकडा वाचायचा, की अंतर कळलं. ही रेषा १.७ मीटर उंचीचा माणूस धरून आखली आहे. तिचा हिशेब कितीही सुबक असला, तरी तो कशाचा आहे हे आठवून मला दर वेळी अवघडायला होतं.

अफगाणिस्तानच्या डोंगरांत, जिथे कलाश्निकोव्हचा पल्ला अपुरा पडे, तिथे ही रायफल सोव्हिएत तुकड्यांना फार उपयोगी पडली. छत्रीधारी सैनिकांसाठी पुढे घडीच्या दस्त्याची आवृत्ती निघाली. भारतीय पायदळातही ती अनेक वर्षं होती. नियंत्रण रेषेवर मात्र पलीकडचे स्नायपर लांबून मारा करू लागले तसा तिचा पल्ला कमी पडू लागला, आणि २०१९ मध्ये उत्तर विभागाच्या जवानांना बेरेट्टा आणि बॅरेट कंपन्यांच्या, हाताने बोल्ट ओढायच्या जबरदस्त रायफली मिळाल्या. रशियाने दुसरा मार्ग धरला. ड्रॅगुनोव्हच्या जागी येणारी चुकाविन रायफल स्वयंभरणीच आहे, आणि १८९१ सालचं ते कडेचं काडतूस तिच्यातही चालतं.